केस कुणाची?

(महिला कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात ‘केस-नोंदी कशा ठेवाव्यात’ या सत्राच्या सुरुवातीला केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय केस-नोंदींचा. रजिस्टर कसं आखायचं, रकाने कुठले ठेवायचे, कुठला कागद कुठल्या फायलीत लावायचा, हे सगळं आपण दुपारी रजिस्टरं पुढ्यात घेऊनच करू. आत्ता सकाळी डोकी ताजी आहेत तोवर मला ‘केस’ या शब्दाबद्दलच बोलायचंय. आपण दिवसातून पन्नास वेळा तो उच्चारतो. तो इंग्रजी आहे हेसुद्धा विसरून गेलोय, इतका तो आपल्या जिभेवर बसलाय.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या केंद्रात शनिवारी गर्दी असते. आत आम्ही दोघी, एक टेबल, आणि बाहेर बाकावर सात-आठ जणी. मी आतूनच माझ्या सहकारी मैत्रिणीला ओरडून सांगितलं, “अगं, ती सकाळची मारहाणीची केस आहे ना, तिला म्हणावं जेवून ये. आधी ही पोटगीची केस संपवते.” बाहेरून एक बाई उठून दारात आल्या. गालावरची सूज पदरानं झाकलेली. म्हणाल्या, “ताई, मीच ती सकाळची. मला नाव आहे.”

भांडणाचा सूर नव्हता. चुकलेला हिशोब दाखवून द्यावा तसं बोलल्या. मग म्हणाल्या, “घरात मला कुणी नावानं हाक मारत नाही. वाटलं, इथं तरी…” वाक्य पुरं केलं नाही त्यांनी. मला त्यांचं नाव माहीत होतं. तासाभरापूर्वी मीच माझ्या हातानं ते रजिस्टरात लिहिलं होतं. तरी तोंडात आलं ते ‘केस’.

दुसरी गोष्ट वस्तीतली. एक म्हातारी आजी सुनेला घेऊन आली होती. होय, सासू सुनेला घेऊन आली होती, असंही होतं! मुलगा दारू पिऊन सुनेला मारायचा. मी सुनेला विचारलं, “केस करायची का?” तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला. म्हणाली, “केसाला धरूनच आपटतो हो.” मराठीत डोक्यावरचा तो केस आणि कोर्टातली ती केस. कान एकच ऐकतो. तिला जो केस माहीत होता तो नवऱ्याच्या मुठीत सापडणारा. मी ज्या केसबद्दल विचारत होते ती तिच्या गावीही नव्हती. मी तिला काहीतरी विचारलं, तिनं मला काहीतरी सांगितलं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये हा एक शब्द उभा होता.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागेच लागले. तो कुठे कुठे भेटतो आणि तिथे त्याचा अर्थ काय होतो, ते टिपत गेले. माझ्याबरोबर जरा फिरून या.

सरकारी दवाखान्यात पहिली खिडकी केसपेपरची. रांगेत उभं राहायचं, नाव-वय सांगायचं, कागद काढायचा. कागद नाही तर तुम्ही आजारी नाही. आत गेलं की ‘बाळंतपणाची केस’, ‘सिझरची केस’, ‘विषाची केस’. आणि आपल्यापैकी ज्या जुन्या आहेत त्यांच्या अंगावर अजून काटा येतो तो शब्द, ‘जळीत केस’. इथे केस म्हणजे रोग किंवा इजा, आणि ती ज्या शरीराला झाली ते शरीरही. डॉक्टर-नर्सना दोष देत नाही. एका पाळीत शंभर माणसं तपासायची तर माणसापेक्षा दुखणं लक्षात ठेवणं सोपं जातं.

पण त्या कागदावर काय लिहिलं जातं ते बघा. बाई डॉक्टरांपुढे बसलीय, मागे सासू किंवा नवरा उभा आहे. डॉक्टर विचारतात, कसं लागलं? बाई सांगते, पायरीवरून पडले. कागदावर नोंद होते, ‘पडल्यामुळे इजा’. दोन वर्षांनी कोर्टात हाच कागद समोरचा वकील काढतो आणि म्हणतो, बाई, पडले असं तुम्हीच सांगितलंत की! म्हणून मारहाणीच्या बाबतीत केसपेपरबरोबर ‘एमएलसी’ झाली का, हे आपण विचारतो. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, दवाखान्याची केस आणि कायद्याची केस जिथे जोडली जाते ती जागा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते नेमकं याच जागेवर. बाई पडली असं म्हणते तेव्हा तिला बाजूला घेऊन पुन्हा विचारायचं, हे दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनी शिकायचं.

तिथून पोलीस ठाण्यात जाऊ. इथे केस म्हणजे गुन्हा, आणि तो आहे की नाही हे टेबलामागचा माणूस ठरवतो. ‘यात केस होत नाही, हा घरगुती मामला आहे.’ हे वाक्य ऐकलं नाही अशी एकतरी आहे का इथे? मग काय होतं? एनसी. बाई एनसीची पावती घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवते आणि आपल्याकडे येऊन सांगते, ‘ताई, केस केली.’ एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. तिला वाटतं केस झाली, पोलिसांच्या लेखी केस नाहीच. शब्द एकच, पण त्याच्या दोन अर्थांमधल्या फटीत बाईची वर्षं जातात.

पुढे कोर्ट. इथे केस म्हणजे नंबर आणि तारीख. पट्टेवाला पुकारा करतो, बाई धावत आत जाते, तोवर पुढची तारीख पडलेली असते. ‘केस कुठवर आली?’ असं आपण विचारतो, जणू ती एसटी आहे आणि मागच्या थांब्यावर अडकलीय.

आणि गावात, चाळीत? ‘तिनं नवऱ्यावर केस टाकली’ याचा अर्थ ती वाईट चालीची आहे. ‘केस ठोकली’ म्हणजे ती भांडकुदळ आहे. कुणी फार रडू लागली, रात्री दचकून उठू लागली, तर ‘मेंटल केस’. तिच्या दुःखाचं नाव केस, आणि त्यावर तिनं काही केलं तर त्याचंही नाव केस. दोन्हीकडून ठपका तिच्यावरच.

शेवटी आपण. आपण हा शब्द आणला समाजकार्याच्या शिक्षणातून. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘सोशल केस वर्क’ला शास्त्राचं रूप दिलं. १९१७ सालचं त्यांचं ‘सोशल डायग्नोसिस’ हे पुस्तक पुढे समाजकार्याच्या विद्यालयांमधून शिकवलं गेलं. नावातच बघा, डायग्नोसिस, म्हणजे रोगनिदान. शब्द आला तो दवाखान्याचा वास घेऊनच. मुंबईत टाटांच्या संस्थेत १९३६ पासून समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं. पुढे १९८४ मध्ये त्याच संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. या सगळ्यातून फार मोठं काम उभं राहिलं. एकेका बाईचं म्हणणं नीट ऐकायचं, नोंदवायचं, पाठपुरावा करायचा ही शिस्त आपण तिथूनच घेतली. शिस्तीबरोबर शब्दही आला.

आता हा शब्द मुळात कुठला, ते पाहू. मी इंग्रजीची पंडित नाही, पण कोश उघडून बसले. इंग्रजीत ‘केस’ हे दिसायला एक असले तरी मुळात दोन शब्द आहेत. एक आला लॅटिनमधल्या ‘पडणे’ या धातूवरून. जे ओढवलं, जे घडलं, जे कोसळलं ते केस. दुसरा आला ‘धरून ठेवणे, सामावून घेणे’ या अर्थाच्या धातूवरून. त्याचा अर्थ पेटी. सुटकेस, चष्म्याची केस, ब्रीफकेस ही त्यातली. वाचता वाचता मी थांबले. दवाखान्यात बाई सांगते ‘पडले’, आणि ज्या शब्दाखाली तिची नोंद होते त्याचाही मूळ अर्थ ‘पडणे’! दुसरीकडे, ती पुढे ज्या फायलीत जाते ती पेटी. आधी पडणं, मग पेटीत जाणं.

पडण्यात एक मोठी सोय असते. पडणाऱ्याला कुणी पाडलं, हे सांगावं लागत नाही.

आपली मराठी यात धुतल्या तांदळासारखी आहे असं मात्र समजू नका. कोर्टातल्या केसला आपण खटला म्हणतो. आणि ‘त्यांचं खटलं मोठं आहे’ म्हणजे काय? घरात माणसं फार, रगाडा फार. ज्या शब्दात कुटुंब बसतं त्यातच कोर्टही बसतं! दुसरा शब्द ‘प्रकरण’. पुस्तकाचं प्रकरण, कचेरीतलं प्रकरण, आणि पुरुषाचं नाव बाईबरोबर जोडलं गेलं की तेही प्रकरण. पेपरात एखाद्या मुलीवरच्या अत्याचाराची बातमी ‘अमुक गाव प्रकरण’ म्हणून येते तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात हा तिसरा अर्थही हळूच डोकावतो. ‘काहीतरी प्रकरण असेल.’ शब्द बदलला की काम झालं, असं म्हणूनच मला वाटत नाही.

केसचा आणखी एक अर्थ आहे, शाळेत व्याकरणात शिकलेला. आपण ज्याला विभक्ती म्हणतो त्याला इंग्रजीत केसच म्हणतात. विभक्ती म्हणजे वाक्यात नामाचं क्रियापदाशी नातं काय, ते. करणारा कोण, कुणाला केलं, कशानं केलं. ‘नवऱ्यानं बायकोला काठीनं मारलं.’ नवरा कर्ता, बायको कर्म, काठी करण. सगळं स्पष्ट. आता आपलं रजिस्टर उघडा. आमचंच मी उघडलं. पानामागून पान एकच वाक्य. ‘बाईंना मारहाण झाली.’ ‘बाईंना घराबाहेर काढण्यात आलं.’ ‘बाईंचा छळ झाला.’ कर्ता कुठाय? मारहाण झाली, जसा पाऊस झाला! आम्ही, बायकांच्या बाजूनं उभ्या असलेल्या आम्हीच, आमच्या हातानं मारणाऱ्याला वाक्यातून बाहेर जाऊ दिलं होतं. बाई उरली होती ‘ला’ आणि ‘चा’ लावून. ती ‘नं’ लावून कुठे आली, हे मी शोधत गेले. ‘बाईंनी सांगितलं’ एवढंच सापडलं. बाईंनी काय केलं, कसा मार चुकवला, पोरं शेजारी कशी ठेवली, दागिने कुणाकडे लपवले, तीन वेळा घर सोडून कशी बघितली, यातलं काहीच नव्हतं.

आता कायद्याकडे. बाई ज्याला ‘माझी केस’ म्हणते ती कायद्यानं तिची असते का? फौजदारी असेल तर एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला आरोपी. बाई फिर्यादी असते, साक्षीदार असते. सरकारी वकील तिचा नसतो, सरकारचा असतो. हे तिला पहिल्याच दिवशी समजावून सांगणं आपलं काम आहे. नाहीतर तिला वाटतं आपण टाकली तशी आपण उचलून घेऊ. मग सासरचे पाया पडतात, माहेरचे ‘मिटव’ म्हणतात, आणि तिच्या लक्षात येतं की दोरी तिच्या हातात नव्हतीच.

मथुरेचं उदाहरण घेऊ. १९७२ चा मार्च, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, देसाईगंज पोलीस ठाणं. जेमतेम चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी मुलगी. सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं, कारण अंगावर खुणा नव्हत्या, प्रतिकार दिसत नव्हता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये देशभर बायका रस्त्यावर आल्या, मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला, १९८३ मध्ये कायदा बदलला. आपल्यातल्या कितीजणी त्या मोर्च्यांमधून चळवळीत आल्या!

आपण तिला ‘मथुरा केस’ म्हणतो. कायद्याच्या पुस्तकात तिचं नाव काय आहे ठाऊक आहे? ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. तुकाराम हे आरोपी पोलिसाचं नाव. एका नावात बाई नाहीच, आणि दुसऱ्या नावात बाईच केस होऊन बसली. केस कायद्याच्या पुस्तकात गेली, चळवळीच्या इतिहासात गेली. मुलगी होती तिथेच राहिली.

१९९२ मध्ये राजस्थानात भंवरीदेवीच्या बाबतीत हेच झालं. बालविवाह रोखायला गेलेल्या या सरकारी साथिनीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून पुढे आलेल्या अर्जावर १९९७ मध्ये ‘विशाखा’ निकाल लागला, आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईला त्याचा आधार आहे. पण तिच्या स्वतःच्या फौजदारी खटल्यात खालच्या कोर्टानं १९९५ मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं होतं. तिच्यामुळे उभी राहिलेली केस आपण जिंकलो. तिची केस ती तिथे हरली.

याच्या उलट एक बाई आठवते, आणि ती आपल्या मुंबईची. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालं, सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये नवऱ्यानं, दादाजी भिकाजीनं, दावा लावला. म्हणजे केस तिनं टाकलेली नव्हती, तिच्यावर टाकलेली होती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला, पण १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाईन. ‘अ हिंदू लेडी’ या नावानं तिनं ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रं लिहिली होती, आपल्यासारख्या मुलींचं काय होतं ते स्वतःच्या शब्दांत मांडलं होतं. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. मग ती विलायतेला गेली, डॉक्टर होऊन परत आली आणि सुरत, राजकोटला तिनं वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. जिच्यावर केस झाली, ती पुढे स्वतः केसेस बघू लागली. लोकांनी तिला ‘रखमाबाई केस’ केलं होतं. ती कर्ता राहिली, कारण तिनं लिहिणं सोडलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग हा शब्द टाकूनच देऊ या का? नाही. मुळीच नाही. पोलीस ठाण्यात जेव्हा ‘केस होत नाही’ असं म्हणतात, तेव्हा ‘केस होते’ असं म्हणायला आपण तिथे उभ्या असतो. घरातल्या चार भिंतींत जे पडणं म्हणून खपत होतं, ते केस झाल्याबरोबर सरकारला त्याचं उत्तर द्यावं लागतं. १९८३ मध्ये ४९८-अ आलं त्याचा अर्थ हाच होता. १ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालंय. लोक अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णवची केस’च म्हणतात, म्हणू द्या, पण अर्जात आकडा बरोबर घाला.

आणखी काही गोष्टी पाठ करा. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली तर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ च्या ललिताकुमारी निकालात सांगितलंय. पण त्याच निकालात नवरा-बायकोच्या वादांत आधी प्राथमिक चौकशीची मुभाही ठेवलीय, आणि तेच वाक्य आपल्यापुढे टाकलं जातं. ती चौकशी खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसतो का, एवढंच पाहण्यापुरती आहे. बाईला समजावून घरी पाठवण्यासाठी नाही. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला म्हणून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

आणि प्रत्येक बाईला पोलीस केसच हवी असते असंही नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, जो ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला, तो यासाठीच महत्त्वाचा. नवऱ्याला तुरुंगात न पाठवताही ती मॅजिस्ट्रेटकडे संरक्षण मागू शकते, राहत्या घरात राहण्याचा हक्क मागू शकते, स्त्रीधन परत मागू शकते, खर्च मागू शकते. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा. ‘केस करायची का?’ या एका प्रश्नात हे सगळे रस्ते बंद होतात. ती ‘नाही’ म्हणते, आणि आपण लिहितो, ‘बाईंची तयारी नाही.’

‘केसेस वाढल्या’ आणि ‘खोट्या केसेस’ या दोन शब्दप्रयोगांबद्दलही बोलायला हवं, कारण सभांमध्ये ते आपल्या तोंडावर मारले जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाचे आकडे नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचे असतात, घडलेल्या गुन्ह्यांचे नव्हेत. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजला जातो. तेव्हा आकडा वाढला याचा अर्थ मार वाढला असाही असू शकतो, किंवा बायका ठाण्यापर्यंत पोचू लागल्या असाही असू शकतो. आणि खोटी केस? आपल्या महाराष्ट्रात पोलीस तपासानंतर आरोपपत्र न ठेवता समरी पाठवतात तेव्हा तिचे प्रकार असतात. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा पण उलगडा नाही. ‘ब’ म्हणजे जाणूनबुजून खोटी फिर्याद. ‘क’ म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. बोलताना हे सगळं ‘खोटी’मध्ये ढकललं जातं, आणि त्यात वर्षानुवर्षं तारखा पडून साक्षीदार फिरले म्हणून सुटलेले खटलेही मिळवले जातात. पुरावा पुरा पडला नाही आणि घडलंच नाही, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तसंच, कुणी खरोखर खोटं बोललं असेल तर तेही आपण झाकू नये. एका बाईच्या खोट्यानं दहाजणींच्या खऱ्याचं वजन कमी होतं.

तर मग आपण काय करायचं? आम्ही जे केलं तेवढं सांगते. ते साधंच आहे.

पहिलं, बाईला केस म्हणायचं नाही. ती समोर नसतानाही नाही, कारण जे मागे बोलतो तेच एक दिवस पुढे निघतं. ‘बाईंची केस’ म्हणा. एवढ्याशा षष्ठीनं फरक पडतो. केस तिची आहे, ती केसची नाही. बाहेर कुणाशी बोलताना नाव गुप्त ठेवायचं ते ठेवाच. तिथे ‘एक बाई’ म्हणा.

दुसरं, ‘झालं’ या क्रियापदावर नजर ठेवायची. कुणी केलं ते लिहायचं. ‘नवऱ्यानं पट्ट्यानं मारलं, दीर दार अडवून उभा राहिला.’ याचा कोर्टातही उपयोग होतो, पण आधी तो आपल्या मनासाठी होतो.

तिसरं, तिनं काय काय केलं याचा एक रकाना ठेवला. पहिल्यांदा बायका म्हणतात, ‘मी काय करणार?’ जरा थांबलं की सांगू लागतात, आणि सांगता सांगता त्यांचाच आवाज बदलतो.

चौथं, पहिल्या पानावरचा ‘केसचा प्रकार’ हा रकाना मागे नेला. पहिला प्रश्न केला, ‘तुम्हाला काय व्हायला हवंय?’ उत्तरं ऐकून आम्ही चक्रावलो. घटस्फोट आणि पोटगी असतेच. पण कुणी म्हणतं, मला रात्रीची झोप हवी. कुणी म्हणतं, पोराचा शाळेचा दाखला काढून द्या. ज्या बाई म्हणाल्या होत्या ‘मला नाव आहे’, त्यांना शिलाई मशीन हवं होतं. सासरी अडकलेलं, त्यांच्या कमाईचं. आम्ही तोवर त्यांच्या नावानं मारहाण, पोटगी, सगळं लिहून ठेवलं होतं. मशीन कुठेच नव्हतं.

मशीन आणलं आम्ही. चौघी टेम्पो घेऊन गेलो, शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि सासऱ्यानं स्वतः उचलायला हात लावला. पुढे चार-सहा महिने त्या येत राहिल्या. मग येईनाशा झाल्या. नवऱ्याकडे परत गेल्या असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं भावाकडे दुसऱ्या गावी आहेत. दिलेला फोन लागत नाही. वर्षअखेरीला रजिस्टर आवरताना प्रत्येक पानाखाली आम्ही लिहितो, ‘केस चालू’ किंवा ‘केस बंद’. त्यांच्या पानाशी मी बराच वेळ पेन घेऊन बसले होते. ती जागा अजून कोरी आहे.

दुपारी मी ते रजिस्टर आणणार आहे, नावं झाकून. तुम्हीही तुमची आणा. प्रत्येकीनं आपलं एक पान काढायचं आणि त्यातली कर्ता हरवलेली वाक्यं शोधायची. मग ती नव्यानं लिहायची. अडीच वाजता बसू.